छोट्या नगरपरिषदेची पर्यटनक्षमता कशी तपासायची? वेंगुर्ल्याच्या आधाराने एक सविस्तर पद्धत

छोट्या नगरपरिषदेत पर्यटनाचा विषय निघाला की पहिला ठराव बहुधा प्रवेशकमानीचा, सेल्फी पॉइंटचा नाहीतर किनाऱ्यावरच्या पेव्हर ब्लॉकचा होतो. ही कामं एका आर्थिक वर्षात उभी राहतात आणि डोळ्यांना दिसतात, म्हणून होतात. पण आलेला पर्यटक झोपणार कुठे, पाणी कुठल्या टाकीतलं वापरणार, त्याच्यामागे राहिलेला कचरा कोण उचलणार आणि त्याने खर्च केलेल्या शंभर रुपयांतले किती गावात राहणार, याची उत्तरं त्या ठरावात नसतात. गावाची पर्यटनक्षमता या उत्तरांवर ठरते. प्रेक्षणीय स्थळांची यादी हा त्यातला लहानसा भाग.

हा लेख नगरसेवक, मुख्याधिकारी, पर्यटन समितीचे सदस्य आणि गावासाठी धडपडणारे नागरिक यांच्यासाठी आहे. सल्लागार संस्था न नेमता, गावातल्या माणसांनी एका वर्षात करता येईल अशी ही पद्धत आहे. उदाहरण म्हणून सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं वेंगुर्ला घेतलं आहे. ही ‘क’ वर्ग नगरपरिषद असून २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या बारा हजारांच्या थोडी वर आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. वेंगुर्ल्याला समुद्र, खाडी, जुनं बंदर, आंबा-काजू असं सगळं आहे, एका बाजूला मालवण आणि दुसऱ्या बाजूला गोवा आहे. लेखात जिथे हिशेबासाठी आकडे मानून घेतले आहेत तिथे तसं म्हटलं आहे. तिथे तुमच्या गावाचे आकडे घाला.

पहिली पायरी: हद्द आणि प्रश्न ठरवा

नगरपरिषदेची हद्द आणि पर्यटकाच्या मनातलं गाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पर्यटक ‘वेंगुर्ल्याला’ येतो तेव्हा तो सागरेश्वरच्या वाळूत बसतो, मोचेमाडची खाडी पाहतो, रेडीच्या गणपतीला जातो आणि १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडंही त्यात धरतो. यातलं बरंचसं आजूबाजूच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहे. म्हणून दोन नकाशे काढा. एकावर नगरपरिषदेची हद्द दाखवा, दुसऱ्यावर गावातून अर्ध्या दिवसात जाऊन परत येता येईल असा परिसर. शहराची खरी संधी दुसऱ्या नकाशातून दिसते: स्थळं बाहेर असली तरी मुक्काम, जेवण, बाजार, दवाखाना आणि रिक्षा शहरात असतात. मूल्यांकनाच्या समितीत शेजारच्या ग्रामपंचायतींचे सरपंच पहिल्या बैठकीपासून हवेत. नंतर बोलावलं तर ते फक्त सही करायला येतात.

त्याच बैठकीत, मोजणी सुरू होण्याआधी, एक गोष्ट लिहून ठेवा: कुठली परिस्थिती आढळली तर आपण ‘आत्ता नको’ म्हणणार? उदाहरणार्थ, मे महिन्यात गावालाच दिवसाआड पाणी असेल तर नव्या खोल्यांना प्रोत्साहन नाही. आकडे हाती आल्यावर हे ठरवायला बसलं की प्रत्येक जण आपल्या सोयीची रेघ ओढतो.

दुसरी पायरी: स्थळांची नोंदवही करा, जाहिरात नको

प्रत्येक स्थळासाठी एक पान ठेवा आणि त्यावर हे लिहा: जागा कोणाच्या मालकीची, कुठल्या कायद्याखाली, कुलपाची किल्ली कोणाकडे, वर्षातले किती महिने जाता येतं, माणूस तिथे किती वेळ रमतो, स्वच्छतागृह किती अंतरावर आहे, आणि तिथे आलेल्या माणसामुळे आज कोणाला दोन पैसे मिळतात.

मालकीचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच रिकामा राहतो. वेंगुर्ल्याची सतराव्या शतकातली डच वखार घ्या. पडक्या भिंती, वर वाढलेली झाडं, पण वास्तू भारदस्त. ती पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत असल्याने नगरपरिषदेला तिथे स्वतःच्या मर्जीने एक बाकडंही टाकता येणार नाही. दीपगृह केंद्र सरकारच्या खात्याकडे, बंदराची जागा मेरीटाइम बोर्डाकडे, खाडीतलं कांदळवन वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे, देवळाचा परिसर देवस्थानाकडे. असा रकाना भरला की कळतं, ज्यांच्या बळावर आपण योजना आखतोय त्यातल्या बहुतेक जागा आपल्या हातात नाहीत. त्याने खचून जायचं कारण नाही. कुठल्या कार्यालयाशी करार करावा लागेल, याची यादी मात्र आयती तयार होते.

मग स्थळांची तीन गटांत विभागणी करा. पहिला गट, ज्यासाठी माणूस मुक्काम करेल. दुसरा, मुक्कामाला आलेला माणूस जे पाहील. तिसरा गट फक्त गावाचा. पहिल्या गटात घालताना हात आखडता घ्या. माझ्या मते वेंगुर्ल्यात पहिल्या गटात किनारा आणि खाडी येतात, बाकी जवळजवळ सगळं दुसऱ्यात. जुनी बाजारपेठ, बेळगावहून आंबोली घाटाने उतरणारा माल आणि बोटींचा काळ, हे सगळं दोन तासांच्या पायी फेरीत फार छान सांगता येईल, पण त्यासाठी पुण्याहून कोणी येणार नाही. प्रादेशिक फळ संशोधन केंद्राचंही तसंच. १९५७पासून इथे काम चालू आहे. ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ ही काजूची वाणं, रत्ना आणि सिंधू हे आंबे इथलेच. ज्याने हापूस फक्त पेटीत पाहिला आहे त्याला कलम बांधताना दाखवणं हा मोठा आनंद आहे. मात्र ते संशोधन केंद्र आहे, उद्यान नव्हे. त्यांच्या वेळा आणि त्यांच्या अटींवरच ते या यादीत येऊ शकतं.

तिसऱ्या गटाबद्दल आग्रहाने सांगतो. काही जागा माहितीपत्रकात नसाव्यात. वेंगुर्ला रॉक्सच्या बेटांवरच्या गुहांत भारतीय पाकोळीची वसाहत आहे. या घरट्यांची पूर्वी तस्करी झाली आहे, आणि पक्षी संरक्षित आहे. तिथे बोटी नेणं हे ‘आकर्षण’ म्हणून लिहू नका. एखादी राई, गावाची पाणवठ्याची जागा, बायका निवांत बसतात तो घाट, हेही या गटात येतं. ही यादी गावकऱ्यांनीच करावी.

एखादं स्थळ गावाने स्वतः घडवलेलं असतं, तेही नोंदवा. तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात वेंगुर्ल्याच्या कॅम्प भागातल्या कचराडेपोचं रूप पालटलं. घरातूनच कचरा वेगवेगळा घ्यायचा, ओल्यापासून बायोगॅस आणि खत, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात. जिथे नाक धरून जावं लागायचं ती जागा ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ झाली आणि इतर नगरपरिषदांची माणसं ती पाहायला येऊ लागली. अशा अभ्यासदौऱ्यांना मे महिना लागत नाही. ते एरवीही येतात, हे पुढच्या हिशेबात उपयोगी पडेल.

तिसरी पायरी: आज कोण येतं ते मोजा

‘हजारो पर्यटक येतात’ हे वाक्य अहवालातून काढून टाका. छोट्या गावात चांगली मोजणी स्वस्तात होते, फक्त ती तीन वेळा करावी लागते: मे महिन्यात, भर पावसात आणि नोव्हेंबर-फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवार-बुधवारी. डिसेंबरचा शेवटचा आठवडा वेगळा मोजा, त्यात मिसळू नका.

लॉज आणि घरगुती निवासांकडून महिनावार भरलेल्या खाटांचा आकडा मागा. नाव-गाव नको, उत्पन्न नको, नुसत्या खाटा. कराची भीती असते म्हणून लोक खरं सांगत नाहीत. तेव्हा हे काम वसुली विभागाच्या कर्मचाऱ्याला देऊ नका, महाविद्यालयाच्या मुलांना द्या.

याशिवाय तीन नोंदी नगरपरिषदेच्या दप्तरात आधीच असतात आणि कोणी त्यांच्याकडे पर्यटनाच्या नजरेने पाहत नाही. पहिली, पाणीपुरवठ्याच्या पंपाचं लॉगबुक: रोज किती तास पंप चालला. दुसरी, घंटागाडीचं वजन. जिथे कचरा वेगळा करून तोलला जातो तिथे तर ही नोंद सोन्यासारखी आहे. पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक फेब्रुवारीच्या तुलनेत मे महिन्यात किती वाढलं, यावरून बाहेरची माणसं किती आली याचा अंदाज बांधता येतो. तिसरी, किनाऱ्याच्या वाहनतळाची पावती. पावती नसेल तर एक जण संध्याकाळी चार ते सात बसून नंबरप्लेटी लिहील: एमएच-०७ (सिंधुदुर्ग) किती, एमएच-०९ (कोल्हापूर) किती, गोव्याच्या किती, कर्नाटकातल्या किती.

कोकणातल्या गावांनी एक काळजी घ्यावी. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी येतात. ते पर्यटक नव्हेत, ते घरचे आहेत. पण एसटी, पाणी, वीज आणि रस्ता तेच वापरतात, आणि त्यांचा हक्क पहिला आहे. त्यांची संख्या वेगळ्या रकान्यात धरा. नाहीतर गाव भरलेलं दिसतं आणि लॉज रिकामे का, हे कळत नाही.

प्रत्यक्ष पर्यटकांना विचारायचे प्रश्न थोडे ठेवा: काल रात्री कुठे झोपलात, आज कुठे झोपणार, कसे आलात, किती जण, या गावात आज किती खर्च झाला, काय मिळालं नाही. पहिले दोन प्रश्न कधीही गाळू नका. काल मालवण आणि आज गोवा असं उत्तर वारंवार आलं, तर तुमचं गाव वाटेवरचा थांबा आहे आणि तुमचं काम त्या माणसाला एक रात्र थांबवण्याचं आहे. त्यासाठी रोपवे लागत नाही. संध्याकाळी सातनंतर करण्यासारखं काहीतरी लागतं, नाहीतर सकाळी सहाला.

चौथी पायरी: बारा महिन्यांचं पान

भिंतीवर बारा रकान्यांचा तक्ता लावा. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, पावसाळ्यात जलक्रीडा आणि पर्यटक बोटी बंद, गणपती, दिवाळी, कार्तिकापासून जत्रांचा आणि दशावताराचा हंगाम, नाताळ, मार्चपासून काजू, एप्रिल-मे आंबा. मग प्रत्येक महिन्याखाली खाटा किती भरल्या ते लिहा.

आता हिशेब. समजा गावात ३०० खाटा आहेत. त्या वर्षातले ६० दिवस पूर्ण भरतात, १०० दिवस निम्म्या, आणि उरलेले २०५ दिवस जेमतेम १० टक्के. म्हणजे १८,००० अधिक १५,००० अधिक ६,१५०, एकूण ३९,१५० मुक्काम. वर्षाची शक्यता १,०९,५०० मुक्कामांची. ३६ टक्केही भरत नाहीत.

या गावाने आणखी १०० खाटा बांधल्या तर त्या कामाला येणार फक्त त्या ६० दिवसांत, कारण एरवी जुन्याच रिकाम्या आहेत. मिळाले ६,००० मुक्काम. आणि त्या २०५ सुन्या दिवसांतली भरती १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेली तर मिळतात ६,१५० मुक्काम, एक वीट न रचता आणि मे महिन्याच्या पाण्याला हात न लावता. संपूर्ण मूल्यांकनातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे गणित. ते फळ्यावर मांडून सर्वसाधारण सभेपुढे करून दाखवा. सभागृहात खोल्या बांधण्याचा उत्साह असतो, त्याला दिशा देण्याची ताकद या दोन आकड्यांत आहे.

सुन्या दिवसांत कोण येऊ शकतं, याची यादी त्याच तक्त्याखाली करा. शाळा-महाविद्यालयांच्या सहली, कचराव्यवस्थापन पाहायला येणारे कर्मचारी, पक्षीनिरीक्षक, फळबागायतदारांचे अभ्यासगट, निवृत्त मंडळी, पावसाचा पाऊस म्हणून आनंद घेणारे लोक. दशावतारही इथेच येतो, पण त्याबद्दल सांभाळून. देवळातला दशावतार पालखीनंतर रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. पर्यटकाच्या जेवणाच्या वेळेला तासाभराचा प्रयोग करायचा की नाही, कुठली आख्यानं त्यात घ्यायची आणि बिदागी किती, हे दशावतारी मंडळींनी ठरवायचं. आपण तारीख आणि जागा सुचवावी, एवढंच.

पाचवी पायरी: गाव किती जणांना पेलतं

वहनक्षमता हा शब्द अवघड वाटतो, गणित चौथीच्या मुलाचं आहे. किनाऱ्याचं उदाहरण घेऊ (आकडे मानलेले). ४०० मीटर लांब, भरतीतही कोरडी राहणारी वाळू सरासरी २० मीटर रुंद. क्षेत्र ८,००० चौरस मीटर. माणशी १० चौरस मीटर मोकळीक धरली तर एका वेळी ८०० जण. पण निम्म्या वाळूवर होड्या, जाळी, सुकत घातलेली मासळी आणि रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची) जागा आहे. ती वजा. राहिले ४००. लोक संध्याकाळी चार ते सात येतात आणि सरासरी दोन तास बसतात, म्हणजे दीड फेरा. एका संध्याकाळी ६००.

आता सोयी. वाहनतळात ४० मोटारी आणि ४० दुचाकी मावतात: १६० अधिक ८०, म्हणजे २४० जण, दीड फेऱ्याने ३६०. स्वच्छतागृहाची भांडी तीन. एका वापराला चार मिनिटं धरली तर तासाला ४५, तीन तासांत १३५. निम्म्या लोकांना तरी गरज पडणारच. मग किनाऱ्याची खरी क्षमता २७०. वाळू ६००ची, स्वच्छतागृह २७०चं. या गावाने पुढचा खर्च कशावर करायचा, हे कोणाला विचारायची गरज उरत नाही. जीवरक्षक किती जणांवर लक्ष ठेवू शकतात, हाही आकडा यात घाला. तो शून्य असेल तर पोहण्याची जाहिरात करू नका.

पाण्याचा हिशेब याहून गंभीर आहे. केंद्राच्या निकषानुसार मलनिस्सारण योजना असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर आणि नसलेल्या शहरात ७० लिटर पाणी धरतात. हॉटेलच्या एका खाटेला १८० लिटर. म्हणजे ५०० खाटा भरल्या की रोज ९०,००० लिटर, १३५च्या दराने सुमारे ६६७ रहिवाशांचं पाणी. जून-जुलैत हा आकडा क्षुल्लक आहे. निशाण तलावासारख्या साठवण तळ्याची पातळी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात खाली गेलेली असते, तेव्हा तोच आकडा वाडीतल्या भांडणाचं कारण होतो. म्हणून हिशेब वर्षाच्या सरासरीवर न करता त्या तिसऱ्या आठवड्यावर करा.

आणि नळाच्या पाण्यावर थांबू नका. कोकणात घरगुती निवास बहुधा स्वतःच्या विहिरीवर चालतो, त्यामुळे तो नगरपरिषदेच्या आकड्यांत दिसतच नाही. प्रत्येक प्रभागातल्या चार-पाच विहिरी निवडा. गाठी मारलेल्या सुंभाला दगड बांधून दर पंधरवड्याला पातळी मोजा, मार्च ते जून. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी त्याच दिवशी चाखून पाहा. पंप जास्त चालला की समुद्राचं पाणी आत येतं आणि विहीर मचूळ होते. एकदा मचूळ झालेली विहीर एका पावसात सुधारेलच असं नाही, आणि ती शेजारच्या घराचीही असते. जिथे मे महिन्यात चव बदलते, त्या पट्ट्यात नव्या खोल्यांना ना-हरकत देऊ नये. माझं हे मत ठाम आहे.

कचरा आणि सांडपाणी याच रीतीने मोजा. नव्या लॉजच्या सेप्टिक टँकचा मैला कुठे जातो, उपसणारी गाडी गावात आहे का, ती कुठे रिकामी होते, हे तीन प्रश्न पुरेत.

सहावी पायरी: पैसा कुठे राहतो

एका जोडप्याचा एक मुक्काम घ्या, खर्च ५,००० रुपये मानू. खोली २,०००, जेवणखाण १,४००, रिक्षा आणि होडी ६००, खरेदी १,०००. खोली गावातल्या कुटुंबाची आणि बुकिंग संकेतस्थळाचं कमिशन १८ टक्के असेल तर ३६० रुपये बाहेर, १,६४० गावात. तीच इमारत बाहेरच्या कंपनीने भाड्याने चालवायला घेतली असेल तर गावात राहतं जागेचं भाडं आणि पगार. जेवणात मासळी गावच्या बाजारातली की ट्रकने आलेली? काजू इथल्या बागेतला की नुसती पिशवी इथली? दुकानदाराला सरळ विचारा, तो सांगतो.

मांडवी खाडीतली कांदळवन सफारी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. बचतगटातल्या बायका स्वतः वल्हं मारतात आणि पाण्याच्या पातळीवरून कांदळ, तिवर, चिप्पी वेगवेगळी ओळखायला शिकवतात. श्वसनमुळं कुठली, कालवं कुठे चिकटतात, खेकड्याचं बीळ कसं ओळखायचं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं आहे. होडीला डिझेल नाही, मालक बाहेरचा नाही, आणि जे दाखवायचं ते टिकलं तरच धंदा टिकतो. तिकिटातला जवळजवळ प्रत्येक रुपया खाडीकाठच्या घरांत जातो. नव्या प्रकल्पाचा प्रस्ताव आला की त्याच्या शेजारी ही सफारी ठेवून पाहा: गावात राहणारा पैसा किती, आणि त्यासाठी गावाने दिलेली जागा आणि पाणी किती.

सातवी पायरी: गावाला विचारा, पण ऐकण्यासाठी

प्रभागसभा घ्या, मात्र एकच सभा घेऊन ‘जनसुनावणी झाली’ असं लिहू नका. मच्छीमार सकाळी समुद्रावर आणि लिलावात असतात, त्यांच्याकडे दुपारनंतर किनाऱ्यावरच जा. बायकांशी वेगळं बोला, कारण घरगुती निवासाचं खरं काम त्यांच्यावर पडतं: चादरी, नाश्ता, रात्री अकराला आलेला पाहुणा. प्रश्न त्यांच्याच बोलीत विचारला तर उत्तर वेगळं येतं. ‘पर्यटनाबाबत आपलं मत काय?’ याला सगळे ‘चांगलं’ म्हणतात. ‘पावणो येवन ऱ्हवलो तर तुमका काय गावता? आणि तरास कसलो?’ याला माणूस दहा मिनिटं बोलतो.

रापणीचा प्रश्न या पायरीवर सुटला पाहिजे. रापण ओढायला किनाऱ्याचा लांबलचक मोकळा पट्टा लागतो आणि माणसांची रांग लागते. त्याच पट्ट्यावर शॅक, खुर्च्या आणि वॉटर स्पोर्ट्सचं सामान आलं की भांडण ठरलेलं. मच्छीमारांसोबत किनाऱ्यावर चालत जा आणि खुंट्या ठोकून हद्द आखा: इथून इथपर्यंत होड्या, इथून इथपर्यंत पर्यटक. कागदावरच्या नकाशाने हे काम होत नाही.

आठवी पायरी: पोहोच आणि शेजार

यावर फार वेळ घालवू नका. कोकण रेल्वेची कुडाळ आणि सावंतवाडी रोड ही स्थानकं पंचवीस-तीस किलोमीटरवर. चिपीचा विमानतळ २०२१मध्ये सुरू झाला, पण विमानफेऱ्या कमी-जास्त होत राहिल्या. गोव्यातला मोपा विमानतळ २०२३पासून चालू आहे आणि दक्षिण सिंधुदुर्गाला जवळचा पडतो. एवढं लिहून मग स्थानकावर उतरलेल्या कुटुंबाला रात्री आठनंतर गावात यायला काय मिळतं आणि कितीला, ते तपासा. शेवटच्या टप्प्यावरच मुक्काम हातचा जातो.

शेजाऱ्याची नक्कल करू नका. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला आणि स्कूबा आहे, गोव्याला रात्रजीवन आहे. निवृत्त युद्धनौका ‘आयएनएस गुलदार’ निवतीजवळ पाण्याखाली ठेवून संग्रहालय करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. असे प्रकल्प प्रत्यक्ष तिकीट फाडू लागेपर्यंत तुमच्या हिशेबात शून्य धरा.

नववी पायरी: कायदा आणि निधी

किनारी गावांना सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना लागू आहे. भरतीरेषेपासूनची अंतरं मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर पाहा, कोणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. कांदळवनाभोवती ५० मीटरचा बफर असतो, तिथे बांधकाम नाही. विकास आराखड्यातली आरक्षणं तपासा: वाहनतळासाठी राखलेली जागा आज कोणाच्या ताब्यात आहे?

निधीचे मार्ग ठरलेले आहेत. जिल्हा नियोजन समिती, प्रादेशिक पर्यटन विकास योजना, नगरविकास विभागाची वैशिष्ट्यपूर्ण कामांची योजना, वित्त आयोग. घरगुती निवासांना पर्यटन खात्याकडे नोंदणी करता येते, ती करून देण्यासाठी नगरपरिषदेने एक टेबल ठेवावं. मात्र बहुतेक निधी बांधायला मिळतो, सांभाळायला मिळत नाही. म्हणून प्रत्येक कामापुढे देखभालीचा वार्षिक खर्च आणि तो कुठल्या लेखाशीर्षातून होणार, हे लिहिल्याशिवाय प्रस्ताव पुढे पाठवू नका. स्वच्छतागृह बांधायला एकदा पैसे लागतात. दोन पाळ्यांतल्या माणसांचे पगार, पाणी, वीज आणि मोडलेला नळ दर महिन्याला असतो. अनेक गावांच्या किनाऱ्यावर कुलूपबंद स्वच्छतागृहं उभी आहेत, ती या एका रकान्याअभावी.

दहावी पायरी: गुण द्या, पण सरासरी काढू नका

शेवटी सगळ्यांना गुणपत्रक हवं असतं. द्या. आकर्षण, पोहोच, निवास, पाणी, कचरा, सुरक्षितता, गावात राहणारा पैसा, लोकांची संमती, हंगामाची लांबी, देखभालीची ऐपत अशा दहा बाबींना पाचपैकी गुण. पण बेरीज करून ‘५०पैकी ३४, क्षमता चांगली’ असं लिहू नका. पाण्याला एक गुण असेल तर आकर्षणाचे पाच गुण त्याला भरून काढू शकत नाहीत. पाणी, कचरा, सुरक्षितता आणि संमती या चारांना नकाराधिकार द्या. यातल्या एकातही दोनपेक्षा कमी गुण असतील, तर आधी ते काम, पर्यटनाचा प्रस्ताव नंतर.

चारही पार झाले तर एका हंगामाचा प्रयोग करा आणि तो सुन्या दिवसांतला करा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आठवड्यातले ठरावीक दोन दिवस, खाडीची सफर, बाजारपेठेची फेरी, एका घरातलं जेवण. खर्च थोडा, चूक झाली तर सुधारता येते, आणि गर्दीच्या काळात गावाला त्रास नाही. त्या चार महिन्यांत तिसऱ्या पायरीवरचीच मोजणी पुन्हा करा, त्याच मुलांकडून आणि त्याच प्रश्नांनी.

सर्वसाधारण सभेपुढे जाणाऱ्या फाइलमध्ये मग एवढं असावं: दोन नकाशे, मालकीच्या रकान्यासह स्थळांची नोंदवही, बारा महिन्यांचा तक्ता, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याचा पाण्याचा हिशेब, विहिरींच्या पातळ्या, मच्छीमारांसोबत आखलेली किनाऱ्याची हद्द, देखभालीच्या खर्चाचं पान आणि पहिल्या बैठकीत लिहिलेली ‘आत्ता नको’ची अट. फाइलची एक प्रत नगर वाचनालयात ठेवा, एक शेजारच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला द्या, आणि पुढच्या मोजणीचे महिने ठरावातच नोंदवून घ्या: मे, ऑगस्ट आणि फेब्रुवारी.